डॉक्टरांच्या आधी दारात येणारी माणसे : आशा ताई, नर्स, लॅब, फिजिओ यांचे काम काय आणि आपल्या घराने त्यांचा उपयोग कसा करून घ्यावा?

जुन्या मुंबई-पुणे महामार्गावरून पनवेल सोडून खोपोलीच्या दिशेने निघालो की चौकच्या आसपास लोधिवली लागते. खालापूर तालुक्यातले हे गाव. जवळच पाताळगंगा-रसायनीचे कारखाने आहेत, आजूबाजूला भातशेती आणि डोंगराच्या अंगाला ठाकर-कातकरी बांधवांच्या वाड्या. लोधिवलीचे नाव दूरवर गेले ते इथल्या धीरूभाई अंबानी रुग्णालयामुळे. मार्च 2020 मध्ये कोरोनाची साथ सुरू झाली तेव्हा रिलायन्सने इथेच विलगीकरण केंद्र उभारून जिल्हा प्रशासनाच्या ताब्यात दिले होते. चौक आणि कशेळे इथे ग्रामीण रुग्णालय आहे, कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आहे. म्हणजे कर्जत-खालापूरच्या माणसाला दवाखाना अगदीच परका नाही.

पण दवाखाना जवळ आहे म्हणून आजार लांब राहतो असे होत नाही. आपल्या घरांमध्ये शुगर कधी कळते? पायाची जखम महिनाभर भरत नाही तेव्हा. बीपी कधी कळते? तोंड वाकडे झाले, हातपाय लुळे पडले तेव्हा. त्या वेळी मोठे रुग्णालय कितीही जवळ असले तरी निम्मे नुकसान आधीच झालेले असते. उरलेले आयुष्य गोळ्या, डायलिसिस आणि कर्ज यांत जाते.

हे नुकसान टाळण्याचे काम बहुतेक वेळा डॉक्टर करत नाहीत. ते करतात आशा ताई, उपकेंद्रातल्या सिस्टर, लॅबमधला तंत्रज्ञ, डोळे तपासणारा, व्यायाम शिकवणारा, काय खावे ते सांगणारा, मन ऐकून घेणारा. आपण यांना "डॉक्टरांचे मदतनीस" म्हणून बाजूला ठेवतो. हा लेख या माणसांची ओळख करून देण्यासाठी आहे.

हे लोक नेमके कोण?

संसदेने 2021 मध्ये सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा मंजूर केला. या कायद्याने अशा व्यवसायांचे दहा गट पाडले. प्रयोगशाळा, क्ष-किरण, फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, डोळ्यांची तपासणी, आहारशास्त्र, शस्त्रक्रिया व भूल विभागातील तंत्रज्ञ, सामुदायिक सेवा व मानसिक आरोग्य वगैरे. यात दोन पायऱ्या आहेत. सहयोगी व्यावसायिकासाठी किमान 2,000 तासांचे शिक्षण हवे, ते 2 ते 4 वर्षांत पूर्ण होणारे. आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी किमान 3,600 तासांची पदवी हवी, ती 3 ते 6 वर्षांची.

परिचारिका आणि औषधविक्रेते, म्हणजे आपला मेडिकलवाला, यांच्यासाठी वेगळे कायदे आहेत. आशा ताई तर पदवीधर व्यावसायिक नाही. ती गावातलीच बाई, प्रशिक्षण घेऊन मानधनावर काम करणारी. तरीही आजार अडवण्याच्या कामात हे सगळे एकाच साखळीत येतात, म्हणून आपण त्यांना इथे एकत्र पाहू.

गावातली पहिली फळी

आशा योजना 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानासोबत आली. साधारण 1,000 लोकसंख्येमागे एक आशा, आदिवासी भागात वाडी-पाड्यालाही एक असे तिचे गणित आहे. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला.

तिच्या वर उपकेंद्र. सपाट भागात 5,000 आणि डोंगरी-आदिवासी भागात 3,000 लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असा निकष आहे. तिथे एएनएम सिस्टर असतात. 2018 पासून अनेक उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारीही आले. ही उपकेंद्रे आता आयुष्मान आरोग्य मंदिर या नावाने ओळखली जातात. त्यांच्या वर प्राथमिक आरोग्य केंद्र, मग ग्रामीण रुग्णालय.

बाळंतपण झालेल्या घरात आशा किती वेळा यायला हवी, हे ठरलेले आहे. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी, अशा सहा भेटी. घरी झाले असेल तर पहिल्या दिवशीची भेट धरून सात. ती बाळाचे वजन करते, ताप बघते, दूध नीट ओढतेय का, श्वास जोरात चाललाय का ते पाहते. नंतर 3, 6, 9, 12 आणि 15 व्या महिन्यातही तिची भेट ठरलेली आहे. आपल्याकडे चाळीस दिवस बाळंतीण घरातच असते. म्हणजे या भेटी घरातच होणार, दारातून परत पाठवायच्या नाहीत.

हे काम खरेच होते का?

"डॉक्टर नसलेली बाई काय करणार?" असे घरातली मोठी माणसे विचारतात. त्याचे उत्तर महाराष्ट्रानेच दिले आहे.

आपल्याच रायगड जिल्ह्यात, अलिबाग तालुक्यातल्या मांडवा भागात, डॉ. नोशीर अंतिया यांनी 1970 च्या दशकात गावातल्या बायकांना आरोग्याचे शिक्षण देण्याचा प्रयोग केला. अंतिया हे मुंबईचे नामांकित प्लास्टिक सर्जन. गावाच्या बहुतेक दुखण्यांना सर्जन लागतच नाही, हे त्यांनी ओळखले होते. त्याच सुमारास 1970 मध्ये अहमदनगर जिल्ह्यातल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केले. त्यांच्या ग्राम आरोग्य सेविकांपैकी अनेकजणी निरक्षर होत्या, गरीब घरच्या होत्या. त्यांनीच लसीकरण, बाळंतपण, कुष्ठरोग, क्षय यांवर गावे बदलली.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या आरोग्यदूतांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवले. 1999 मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात त्याचा निष्कर्ष छापून आला. जिथे आरोग्यदूत काम करत होते त्या 39 गावांत नवजात बालमृत्यू दर तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी खाली आला होता. आज आशा ताई आपल्या घरी येऊन बाळाला जोखते, त्याचे मूळ त्या कामात आहे.

तिशी ओलांडली की काय करायचे?

30 वर्षांवरच्या प्रत्येकासाठी आशा एक फॉर्म भरते. वय, तंबाखू-दारू, कमरेचा घेर, आठवड्यात 150 मिनिटे चालणे-फिरणे होते का, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का, असे प्रश्न असतात. गुण 4 पेक्षा जास्त आले तर त्या माणसाची तपासणी आधी करायची. कमरेचा घेर बायकांचा 80 आणि पुरुषांचा 90 सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर तो धोक्याच्या बाजूला धरतात.

मग उपकेंद्रात बीपी आणि शुगर तपासतात, तोंड पाहतात. बायकांसाठी स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणीही याच कार्यक्रमात आहे. बीपी-शुगर दर वर्षी, कर्करोगाच्या तपासण्या दर पाच वर्षांनी.

हे किती गरजेचे आहे? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा देशव्यापी अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात सुमारे 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी 13.6 कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. प्रौढांपैकी 35.5 टक्के लोकांना उच्च रक्तदाब आहे. उंबरठ्यावरच्या माणसाला काहीच दुखत नसते. त्याला सावध करणारे कुणी असेल तर ती फॉर्म घेऊन आलेली आशा ताई.

कुणाकडे कशासाठी जायचे?

*लॅब तंत्रज्ञ.* उपाशीपोटी शुगर 100 ते 125 म्हणजे उंबरठा, 126 किंवा जास्त म्हणजे मधुमेहाचा संशय, पुन्हा तपासून खात्री करायची. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी 6.5 किंवा वर असेल तर तेच. खोकला दोन आठवडे गेला नाही तर थुंकी तपासा. क्षयाची तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे. पोषणासाठी मिळणारी रक्कम नोव्हेंबर 2024 पासून महिना 1,000 रुपये झाली आहे. घरात एकाला क्षय निघाला तर बाकीच्यांनी लपवायचे नाही, तपासून घ्यायचे. त्यांना आजार नसेल तर तो होऊ नये म्हणूनही औषध दिले जाते.

*नेत्रचिकित्सा अधिकारी.* शुगर असलेल्या माणसाने वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा. नजर चांगली आहे म्हणून पडदा चांगला असतो असे नाही. आपल्यातली किती मुले टेम्पो, रिक्षा, कंपनीच्या बस चालवतात! रात्री समोरच्या दिव्याने डोळे दिपत असतील तर महामार्गावर जाण्याआधी तपासणी करा.

*फिजिओथेरपिस्ट.* गुडघे दुखतात म्हणून नमाज खुर्चीवर, आणि मग चालणेही बंद, असे घराघरांत दिसते. मांडीचे स्नायू बळकट करणारे साधे व्यायाम वेळेत शिकले तर गुडघ्यावरचा भार कमी होतो. म्हाताऱ्या माणसाचे पडणेही टळते. कारखान्यात वजन उचलणाऱ्यांनी, भातलावणीत दिवसभर वाकणाऱ्या बायकांनी कंबर धरायच्या आधीच त्यांना विचारावे. हजला जाणाऱ्यांनी लसीकरणाची तारीख लक्षात ठेवतोच तसे दोन-तीन महिने आधी चालण्याची तयारीही सुरू करावी. तवाफ, सई आणि मिना-अरफातचा प्रवास पायांची परीक्षा घेतो.

*आहारतज्ज्ञ.* आपले जेवण तांदळावर उभे आहे. भात, तांदळाची रोटी, वर दावतीला बिर्याणी. चांगला आहारतज्ज्ञ भात बंद करायला सांगत नाही, तो ताट बदलायला सांगतो. अर्धे ताट भाजी-कोशिंबीर, पाव ताट भात किंवा रोटी, पाव ताट मासे, डाळ, अंडी. रानभाज्या, नाचणी आणि सुके मासे आपल्याच बाजारात मिळतात. सुक्या माशांत मीठ मात्र जास्त असते, बीपीवाल्याने ते धुऊन आणि बेताने खावेत.

*समुपदेशक.* 19 जुलै 2023 च्या रात्री चौकजवळच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीतली अनेक घरे गाडली गेली. अशा घटनेतून वाचलेल्या माणसाची जखम क्ष-किरणात दिसत नाही. झोप न लागणे, सतत घाबरणे, जगण्यात मन न लागणे हेही आजार आहेत. "ईमान कमकुवत आहे" असे म्हणून त्या माणसाला गप्प करू नका. टेली-मानसच्या 14416 या क्रमांकावर मोफत बोलता येते.

*मेडिकलवाला.* नोंदणीकृत फार्मासिस्टला विचारा की कोणती गोळी जेवणाआधी, कोणती नंतर. गरोदर बाईची लोहाची गोळी चहासोबत घेतली तर लोह अंगी कमी लागते, हे तो सांगू शकतो. गरोदरपणात हिमोग्लोबिन 11 च्या खाली म्हणजे रक्त कमी. त्यासाठी चौथ्या महिन्यापासून रोज एक गोळी, निदान 180 दिवस, आणि बाळंतपणानंतरही 180 दिवस, असा सरकारी कार्यक्रम आहे.

रमजानच्या आधीची भेट

शुगर असलेल्यांनी रमजान सुरू होण्याच्या सहा ते आठ आठवडे आधी तपासणी करावी, असा आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांचा सल्ला आहे. इन्सुलिन किंवा शुगर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्यांची वेळ आणि मात्रा डॉक्टरांनीच बदलायची. पण सहरीला काय खावे, इफ्तारला भजी-शरबतावर तुटून का पडू नये, घरच्या मशीनवर शुगर कशी बघावी, हे नर्स आणि आहारतज्ज्ञ निवांत समजावू शकतात.

रोज्यात शुगर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली तर रोजा सोडावा, असा वैद्यकीय नियम आहे. बोटाला टोचून थेंबभर रक्त तपासल्याने रोजा तुटत नाही असे बहुतेक उलेमा सांगतात. मनात शंका असेल तर आपल्या इमाम साहेबांना आधीच विचारून ठेवा, म्हणजे ऐन वेळी घरात वाद होणार नाही.

आणखी एक सोपी सवय. वजू करताना पाय धुतो, तेव्हा शुगरवाल्याने तळवे आणि बोटांच्या फटी नीट पाहाव्यात. फोड, भेग, चिखल्या, बधिरपणा दिसला तर त्याच दिवशी सिस्टरना दाखवा. पाणी गार-गरम कळत नसेल तर आधी हाताच्या कोपराने बघा.

लस : दार उघडण्याचा प्रश्न

2022 च्या अखेरीस मुंबईतल्या गोवंडी भागात गोवराची मोठी साथ आली. भिवंडी, मालेगावातही रुग्ण निघाले. लहान मुले दगावली. ज्या वस्त्यांत लसीकरण अपुरे होते तिथे आजाराने हातपाय पसरले, आणि त्यांतल्या अनेक वस्त्या आपल्या समाजाच्या होत्या. तेव्हा घरोघर फिरल्या त्या आशा आणि सिस्टर. धर्मगुरूंचीही मदत घेण्यात आली.

गोवर-रुबेलाचा पहिला डोस 9 महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा 16 ते 24 महिन्यांत. कामासाठी गावाला, भिवंडीला, मुंबईला ये-जा करणाऱ्या घरांत दुसरा डोस राहून जातो. लसीचे कार्ड सोबत ठेवा. कार्ड हरवले तरी जिथे असाल तिथल्या सिस्टरना सांगा. लसीनंतर एखाद-दोन दिवस ताप येऊ शकतो. त्या तापाची भीती वाटत असेल तर ती सिस्टरपुढे बोलून दाखवा, दार लावून घेऊ नका.

बायकांची तपासणी आणि पडदा

अम्मी, सासूबाई, खाला यांची तपासणी सर्वांत उशिरा होते. कारण बहुतेक वेळा एकच : "तिथे पुरुष असतील." आशा बाई असते, एएनएम बाई असते, समुदाय आरोग्य अधिकारीही अनेक ठिकाणी बाईच असते. आधी विचारून बायकांची वेळ ठरवता येते, सोबत घरातली बाई नेता येते, पडद्याआड तपासणी मागता येते. ही मागणी संकोच न करता करा. छातीतली गाठ किंवा अंगावरून जाणारे रक्त लाजेपोटी वर्षभर लपवले तर पुढे शस्त्रक्रियेच्या वेळी कुणाचाच पडदा उरत नाही.

तोंडाच्या कर्करोगाबद्दल पुरुषांशी बोलायला हवे. महाराष्ट्रात गुटखाबंदी 2012 पासून आहे, पण तंबाखू-मावा-मिश्री सुटलेली नाही. तोंड पूर्ण उघडत नसेल, पांढरा किंवा लाल चट्टा असेल, जखम तीन आठवडे भरत नसेल तर लगेच दाखवा.

ही माणसे काय करू शकत नाहीत?

आशा ताईकडून किंवा मेडिकलवाल्याकडून अँटिबायोटिक मागू नका. फिजिओकडे ताप घेऊन जाऊ नका. छातीत कळ, अचानक बोलणे अडखळणे, एक बाजू लुळी पडणे, गरोदर बाईला झटका किंवा रक्तस्राव, बाळाचे दूध ओढणे बंद होणे, सर्पदंश, यात तपासणी-सल्ल्यात वेळ घालवायचा नाही. 108 ला फोन करा आणि रुग्णालय गाठा. गरोदर माता आणि तान्ह्या बाळासाठी 102 ची गाडी असते. आरोग्याची माहिती 104 वर मिळते.

आपल्या मुला-मुलींसाठी

बारावी विज्ञान झालेल्या प्रत्येकाला एमबीबीएस मिळत नाही. मग आपल्याकडे मुलगी घरी बसते आणि मुलगा गल्फची वाट धरतो. प्रयोगशाळा, क्ष-किरण, डायलिसिस, ऑप्टोमेट्री, फिजिओथेरपी, नर्सिंग यांत शिक्षण घेतलेल्याला गावाजवळ काम मिळू शकते, आणि परदेशातही. आपल्या वस्तीतली मुलगी सिस्टर झाली तर वस्तीतल्या शंभर बायका तपासणीला निर्धास्त जातील.

फक्त प्रवेश घेण्यापूर्वी पाहा : अभ्यासक्रम किती तासांचा, कोणत्या विद्यापीठाचा किंवा मंडळाचा, परिषदेकडे नोंदणी होते का, आणि प्रत्यक्ष कामाचा सराव कोणत्या रुग्णालयात. सहा महिन्यांत "पॅरामेडिकल" बनवून देणाऱ्या दुकानांत पैसे घालू नका.

जमातीने करण्यासारखे

गावची जमात, मशिदीची कमिटी, महिला मंडळ यांनी फार मोठे काही करायची गरज नाही. आपल्या भागातली आशा आणि सिस्टर कोण, त्यांचा लसीकरणाचा दिवस कोणता, हे मशिदीच्या फळ्यावर लिहा. जुम्याला दोन वाक्यांत सांगा. वर्षातून एकदा मदरशात किंवा समाज हॉलमध्ये बीपी-शुगर-डोळे तपासणी ठेवा आणि शेजारच्या वाडीलाही बोलवा, कारण गोवर आणि क्षय जात-धर्म विचारून येत नाहीत. शिबिरात ज्यांची शुगर जास्त निघाली त्यांची यादी कुणाकडे तरी द्या. पंधरा दिवसांनी त्या माणसांना "गेलात का दवाखान्यात?" एवढे विचारणारे कुणी नसेल तर शिबिराचा उपयोग फोटोपुरताच राहतो.

पुढच्या वेळी आशा ताई वही घेऊन दारात उभी राहिली की तिला आत बोलवा, पाणी द्या. घरात तिशीच्या वर कोण कोण आहे ते सगळे सांगा, आणि झोपलेल्या अब्बांनाही उठवून त्यांचे बीपी मोजून घ्या.